सतरा बकुळींचा आडोसा

आडोसा हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. आग, चाक, शेती हे सगळं नंतरचं. आधी माणसाने दोन फांद्या आडव्या टाकल्या, त्यांच्यामागे गेला, आणि तिथून बाहेर आला तो माणूस होऊन. हा सिद्धांत शरच्चंद्र हुक्केरीकर आपल्या राजाजीनगरच्या घराच्या परसात उभे राहून खड्या आवाजात मांडत होते. त्या वेळी त्यांच्या कमरेला पंचा होता, अर्ध्या गालाला साबण होता, आणि मागच्या इमारतीच्या बारा गॅलऱ्या त्यांच्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"म्हणून म्हणतो, भिंतीलगत झाडं लावायची," त्यांनी समारोप केला.

"आधी आत येऊन सदरा घाला," स्वयंपाकघराच्या दारातून प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "संस्कृतीचं मागाहून बघू."

हे बोलणं मराठीत झालं, म्हणून एवढ्या मोकळ्या आवाजात झालं. हुक्केरीकर दांपत्य बेळगाव जिल्ह्यातून बेंगळुरात आलं त्याला एकेचाळीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी भाषांची वाटणी पक्की करून टाकली होती. कन्नड ही जगाशी बोलायची, मराठी ही जगाबद्दल बोलायची. भाजीवाल्याच्या तोंडावर त्याच्या वांग्यांची किडकी वंशावळ मराठीत काढायची आणि त्यालाच हसून कन्नडमध्ये अर्धा किलो द्यायला सांगायचं. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून डॉक्टरांच्या अकलेची चर्चा करायची. घराला कुंपणाची भिंत होती चार फुटांची, पण खरी भिंत ही होती, आणि तिला चाळीस वर्षांत कधी चुना लावावा लागला नव्हता.

अडचण अशी की मराठीने ऐकू येणं थांबतं, दिसणं थांबत नाही.

आदल्या वर्षी गौरी बसायच्या आठवड्यात प्रमोदिनीबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात महिन्याभरात परत आला. वाचा एक दिवसही गेली नाही, असं शरच्चंद्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि त्यात समाधान किती नि तक्रार किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. पाय मात्र राहिला. फिजिओथेरपीला येणारी कावेरी म्हणाली, मॅडमना मोकळ्यावर चालू द्या, रोज तीस फेऱ्या, मातीवर. पहिलं दीड वर्ष पाय सांगितलेलं ऐकतो. त्यानंतर तो जसा आहे तसा.

प्रमोदिनीबाई दसऱ्यापासून परसात चालू लागल्या. घराच्या मागे चाळीस फूट लांबीचा मातीचा पट्टा होता, मागे एक जुनं बैठं घर होतं, आणि त्या घरात एक म्हातारा होता ज्याला दिसत नसे. मग म्हातारा गेला, त्याच्या मुलांनी जागा नागराज नावाच्या माणसाला दिली, आणि नोकरीवाल्या मुलींसाठी चार मजल्यांचं पी.जी., म्हणजे भाड्याचं वसतिगृह, इतक्या झपाट्याने उभं राहिलं की संक्रांतीला तिळगूळ द्यायला वर बघावं लागलं. त्या दिवशी प्रमोदिनीबाई आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत.

त्या बावीस वर्षं एका कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्याच्या त्या टोकाला उठला की या टोकाची दहावी ब पुस्तकं उघडून बसे. पुस्तकं उलटी असली तरी उघडी असत. आता तो आवाज बदलला होता. एक पाऊल, आणि मग एक घासणं.

"मी काय जत्रेतला हत्ती आहे?" त्या म्हणाल्या. "बारा गॅलऱ्या भरवून माझी मिरवणूक काढताय."

"अगं, त्या पोरी तुझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"तुम्हाला काय ठाऊक? म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे बघता."

शरच्चंद्रांनी चपला घातल्या. आणि ते नागराजकडे गेले.

नागराजने खुर्ची दिली, कॉफी दिली आणि सगळं ऐकून घेतलं. "सार, गॅलरी बंद केली तर मुली श्वास कुठून घेणार," तो कन्नडमध्ये म्हणाला. "तुम्ही झाडं लावा की. मोठी, हिरवीगार. मला काही हरकत नाही." हरकत का नाही ते पुढच्या आठवड्यात कळलं. पी.जी.च्या फाटकावर नवा फलक लागला: गार्डन व्ह्यू रूम्स उपलब्ध.

शरच्चंद्र एका सरकारी कारखान्यात बॉल-बेअरिंगच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले होते. त्यांचं आयुष्य दोन गोळ्यांमधला फरक शोधण्यात गेलं होतं. फरक सापडला की पेटी नापास, नाही सापडला की पास. जगातल्या बहुतेक प्रश्नांना हीच रीत लावावी आणि ती लावली जात नाही म्हणून देशाचं हे असं आहे, असं त्यांचं मत होतं. त्यांनी एका कागदावर अपेक्षित झाडाचं वर्णन उतरवलं. सदाहरित असावं. पान झडू नये. मुळांनी भिंत फोडू नये. काटा नसावा. फांद्या बुडापासून दाट असाव्यात. शेवटी त्यांनी 'वन्यजीवांस आश्रय' असंही लिहिलं. राजाजीनगरात वन्यजीव म्हणजे कावळे, कबुतरं आणि नागराजच्या पार्किंगमधलं एक करडं मांजर. पण कागद त्याशिवाय भारदस्त दिसेना.

तो कागद घेऊन ते तुमकूर रोडपलीकडच्या एका नर्सरीत गेले. नर्सरीचा देवाप्पा चिकोडीकडचा निघाला आणि कागद बघून मराठीत बोलू लागला. परक्या मुलखात मराठी कळणारा भेटला की शरच्चंद्रांना आनंद होई आणि लगोलग जराशी धास्तीही वाटे.

"बकूळ घ्या सायेब," देवाप्पा म्हणाला. "तुमच्या कागदात लिवलंय ते समदं त्यात हाय. फुलाचा वास घरभर. आणि ही बघा, आठ फुटी. आज लावा, उद्या पडदा."

शरच्चंद्रांनी खिशातून टेप काढली. "ही आठ फूट. ही सात फूट दहा. ही आठ फूट तीन."

"झाडं हाईत सायेब ती. नटबोल्ट न्हवं."

"मला सतरा हवीत. सतराही एकसारखी."

"आठ फुटात एकसारखी न्हाई गावायची."

"शोधू."

ते दीड वाजेपर्यंत शोधत होते. देवाप्पा जेवून आला तरी शोधत होते. आठ फुटांची रांग नापास झाली, सहा फुटांची नापास झाली, चार फुटांच्या रांगेत एकाला डावीकडे बाक होता. शेवटी जाळीखालच्या कोपऱ्यात, काळ्या पिशव्यांमध्ये, एकाच दिवशी पेरलेल्या बियांची रोपं त्यांना दिसली. दोन फूट. दोन फूट. दोन फूट. शरच्चंद्रांनी सतराव्या रोपापर्यंत टेप लावली आणि त्यांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर असा माल त्यांच्या नजरेस पडला नव्हता.

"ही पास."

"सायेब, ही लेकरं हाईत. बकूळ लई सावकाश वाढती. तुमचा आडोसा व्हायचा कवा?"

"होईल तेव्हा सगळीकडून सारखा होईल," शरच्चंद्र म्हणाले.

देवाप्पाने पिशव्या उचलल्या. "तेवढं खरं हाय," तो म्हणाला, आणि रोपं रिक्षात ठेवली.

घरी प्रमोदिनीबाई खिडकीशी बसल्या होत्या. "काय आणलंत?"

"झाडं."

"कुठायत?"

शरच्चंद्रांनी बोट दाखवलं. प्रमोदिनीबाईंनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. "यांच्यामागे नागराजचं मांजरसुद्धा लपायचं नाही," त्या म्हणाल्या आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

तरी जुलैत लागवड झाली. मागच्या भिंतीलगत दोरी ताणून अडीच-अडीच फुटांवर सतरा खड्डे झाले. प्रत्येक बकुळीच्या पायाशी पत्र्याचा नंबर आला आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला एक वही लटकली, तिच्यात महिन्याच्या एक तारखेला उंची लिहायची. ऑगस्टात बकुळी दोन फूट एक इंच झाल्या. ऑक्टोबरात दोन फूट तीन. सतराही. शरच्चंद्रांना त्यांचा अभिमान वाटे, आणि आपण हे सगळं कशासाठी करतो आहोत याची आठवण झाली की ते वही घाईने मिटत.

रोज सकाळी सव्वासहाला ते परसात पाणी घालत आणि घरात हाक मारत.

"येतेस का? कोणी नाही बघ."

"कोणी नाही म्हणजे किती जणी?"

"दोन. लाल टॉवेलवाली नुकती उठून बसलीय, आळसाची मूर्ती, तिचे डोळेसुद्धा उघडले नाहीत. आणि तिच्या मागची ती, तोंडाला फेस, ब्रश घेऊन गॅलरीभर फिरतेय. तिला लाज नाही वाटत, तुला कसली वाटते?"

"ती धड पायांनी फिरतेय."

"पाय कोण बघतंय?"

"मी ऐकते ना," प्रमोदिनीबाई आतून म्हणत. "घासल्याचा आवाज मला येतो. कोणी मला बघून 'बिच्चारी' म्हटलेलं मला सोसायचं नाही. तुम्ही झाडं वाढवा, मग बोलू."

झाडं आपल्या गतीने वाढत. प्रमोदिनीबाई दिवाणखान्यात चालत. अकरा पावलं, टी.व्ही., वळण, अकरा पावलं, दिवाण, वळण. जानेवारीत कावेरीने पाय वाकवून पाहिला, परत वाकवून पाहिला आणि शरच्चंद्रांना बाजूला घेतलं. "सर, हे चालणं नाही, हे नुसतं वळणं चाललंय. मार्चपर्यंत बाहेर काढा त्यांना. मार्चनंतर मी येऊन गप्पा मारीन आणि कॉफी पिऊन जाईन, एवढंच."

त्या दिवशी शरच्चंद्रांनी बकुळींना दोनदा पाणी घातलं. खत घातलं. कोणीतरी सांगितलं म्हणून ताकही घातलं. एक तारखेला त्या दोन फूट सात इंच निघाल्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ नंबरच्या झाडात गवताच्या काड्या दिसू लागल्या. मग एक प्लास्टिकची सुतळी आली. मग शिपाई बुलबुलांची जोडी आली, डोक्यावर काळा तुरा, गालावर तांबडा ठिपका, आणि जागा आपल्या बापाची असल्यासारखी वागू लागली. पाण्याची झारी घेऊन जवळ गेलं की दोघंही तारेवर बसून शरच्चंद्रांना शिव्या घालत. 'वन्यजीवांस आश्रय' हे कलम असं आपल्या पायांनी चालत आलं याचं शरच्चंद्रांना फार नवल वाटलं. मुख्य कलमाचा अजून पत्ता नव्हता.

"घरटं पूर्ण झालं," एका सकाळी त्यांनी दाराकडे तोंड करून जाहीर केलं. ते चार पावलं लांबूनच कमरेत वाकून, मान लांब करून नऊ नंबरमध्ये बघायचा प्रयत्न करत होते. पानं दाट होती. त्या बाबतीत कागदाबरहुकूम होती. "मादी बसून असते, म्हणजे अंडी असणार. दिसत नाहीत. दोन असतील."

"तीन आहेत, काका."

आवाज वरून आला. शरच्चंद्रांना क्षणभर वाटलं, बुलबुल बोलला. मग त्यांनी मान वर केली. पहिल्या मजल्यावरची तिसरी गॅलरी. मांडीवर लॅपटॉप घेऊन एक मुलगी बसली होती, आणि कठड्यावर लाल टॉवेल वाळत होता.

"काल तिसरं घातलं," मुलगी म्हणाली. "इथून सरळ खाली दिसतं. ती उठून गेली ना, की एकदम क्लिअर व्ह्यू असतो."

"तुला," शरच्चंद्र म्हणाले, आणि थांबले. "तुला मराठी येतं?"

"मी पुण्याची आहे, काका."

शरच्चंद्रांच्या हातातली झारी एका जागी वाहत राहिली. त्यांच्या मनात गेल्या कित्येक महिन्यांच्या सकाळी एकामागून एक तपासणीला येऊ लागल्या, आणि एकही पास होईना. आळसाची मूर्ती. तोंडाला फेस. तिसऱ्या मजल्यावरच्या एकीच्या रोजच्या गाण्याबद्दल ते जे म्हणाले होते ते. आणि ते सगळं निदान त्यांचं स्वतःचं होतं. पण घासल्याचा आवाज, 'बिच्चारी', ते तर प्रमोदिनीचं होतं. बायकोने घराच्या आतून, आपल्या भाषेत, आपल्या नवऱ्याला सांगितलेलं. ते रोज सव्वासहाला पहिल्या मजल्यावर पोचत होतं.

स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी वाजलं. एक पाऊल, एक घासणं. पायरी. एक पाऊल, एक घासणं.

प्रमोदिनीबाई येत होत्या. काठी दाराशीच राहिली होती. शरच्चंद्रांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि ते अभावितपणे बाजूला झाले. हाच चेहरा घेऊन त्या दहावी 'ब'च्या दारात उभ्या राहत असणार. दारापासून नऊ नंबरपर्यंत पंचवीस फूट माती आहे. ती त्यांनी पार केली, बकुळीशी थांबल्या आणि वर बघितलं.

"नाव काय तुझं?"

"आर्या."

"पूर्ण."

"आर्या शंतनु पानवलकर."

"मोठ्यांशी बोलताना बसून बोलतात?"

मुलगी उभी राहिली. लॅपटॉपमधून कोणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. तिने त्याचं झाकण मिटलं.

"कधीपासून ऐकते आहेस?"

"नोव्हेंबर. सॉरी, काकू. खरं म्हणजे मी पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण पहिल्याच दिवशी काका म्हणाले की लाल टॉवेलवाली आळसाची मूर्ती आहे. मग ऑकवर्ड झालं."

शरच्चंद्र बारा नंबरची पानं बारकाईने तपासू लागले.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी जास्त ऑकवर्ड झालं. मग सवय लागली." मुलीने टॉवेलची घडी घातली, मोडली. "ऑफिस व्हाइटफील्डला आहे. दोन दिवस तिकडे, बाकी इथूनच. दिवसभर हिंदी नाही तर इंग्लिश. सकाळी तुमचं भांडण ऐकलं की बरं वाटायचं."

"आम्ही भांडत नाही," शरच्चंद्र म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आणखी कोणाला कळतं?"

"मराठी? कोणालाच नाही."

"म्हणजे तुझ्यापाशीच राहिलं."

आर्याने टॉवेल परत कठड्यावर टाकला. "मी रंजिताला ट्रान्सलेट करून सांगते," ती म्हणाली. तिच्या मागच्या दारातून ब्रशसह एक डोकं बाहेर आलं. "ही रंजिता. ही दावणगेरेची. ती मग बाकीच्यांना सांगते. अख्खा फ्लोअर रोज विचारतो, आज अज्जी बाहेर आल्या का."

 अज्जी म्हणजे आजी, हे प्रमोदिनीबाईंना सांगायला नको होतं. बुलबुलाची मादी चार पावलांवर मोठी माणसं उभी असूनही घरट्यात येऊन बसली.

"पायाचंही सांगितलंस?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. हे त्यांनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं नाही.

"हो."

"मग बिच्चारी म्हणत असाल."

"नाही ओ. रंजिता म्हणते, अज्जी भयंकर हट्टी आहेत." आर्या कठड्यावर वाकली. "माझं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं दोन वर्षांपूर्वी. जिन्यात कोणी नसेल तेव्हाच उतरायचं, असं ठरवलं होतं मी."

"मग?"

"मग काय. जिना कॉमन होता. कोणीतरी असायचंच. भूक लागायची, उतरायचे."

 प्रमोदिनीबाईंनी बारा गॅलऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. तिथे वाळत घातलेले कपडे होते, दोन सायकली होत्या, आणि चौथ्या मजल्यावर कोणीतरी चहाचा कप तोंडाशी धरून, प्यायचं विसरून, खाली बघत होतं.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "अज्जी नाही. मॅडम."

आर्याने मागे वळून सांगितलं. रंजिताने तोंडातला ब्रश काढला. "सारी, मॅडम," ती फेसासकट म्हणाली.

"तीन अंडी नीट मोजलीस?"

"फोटो आहे. काकू, कावळा."

तारेवर कावळा येऊन बसला होता आणि मान तिरपी करून नऊ नंबरचा अभ्यास करत होता. प्रमोदिनीबाईंनी हात उगारला आणि दोन पावलं त्याच्या दिशेने टाकली. कावळा तिसऱ्या पावलाची वाट न बघता गेला.

शरच्चंद्रांच्या तेव्हा ध्यानात आलं की बायको काठीशिवाय उभी आहे. तोंडापर्यंत आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात योग्य वेळी गप्प बसण्याची ही त्यांची तिसरी खेप होती, आणि पहिल्या दोन खेपांना ती वेळ योग्य नव्हती. परत जाताना प्रमोदिनीबाईंनी त्यांचा हात मागितला, तोही पायरीपुरता.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक लागलं. वरचा पहारा कावळ्यांवर. त्यात गॅलऱ्यांची नावं, वारांप्रमाणे. खालचा पहारा मांजरावर. त्यात एकच नाव. मांजर भिंतीच्या कुठल्या टोकाने येईल याचा नेम नाही, म्हणून खालच्या पहाऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत जात-येत राहणं भाग होतं. सकाळी सव्वासहा ते सात, संध्याकाळी साडेचार ते साडेपाच. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने बुधवारची पाळी चुकवली तेव्हा तिला खालून समज मिळाली आणि तिने कारण लेखी दिलं. ते प्लास्टिकच्या पिशवीत दगड घालून खाली टाकलं, कारण तशी सूचना होती.

कावेरी आली तेव्हा प्रमोदिनीबाई सोळा नंबरपाशी होत्या. "मॅडम, किती फेऱ्या झाल्या?"

"फेऱ्या घालायला मी रिकामी आहे का? पहारा आहे."

कावेरी पायरीवर बसली आणि तिने स्वतःच मोजल्या. चोवीस झाल्या. तिने पाय वाकवून पाहिला, परत वाकवून पाहिला. "ऐकतोय," ती म्हणाली. "स्वल्प उशीर केलात, पण ऐकतोय."

घासण्याचा आवाज होताच. पण आधी तो प्रत्येक पावलाला यायचा. आता तिसऱ्या-चौथ्याला एकदा येऊ लागला, आणि काही दिवशी पहाऱ्याच्या सुरुवातीला येतच नसे.

सगळ्यात हाल शरच्चंद्रांचे झाले. परसात मनातलं बोलायची सोय उरली नाही. भांडण करायचं तर आत जाऊन खिडक्या लावून करावं लागे, आणि तेवढ्या तयारीत त्यातली गोडी जाई. खाजगी बोलण्यापुरतं तमिळ शिकावं असा त्यांनी विचार केला, पण चौथ्या मजल्यावरची चहाच्या कपवाली, धनलक्ष्मी, सेलमची निघाली. शेवटी ते चांगलंच बोलू लागले. तिसऱ्या मजल्यावरचीच्या गाण्यातसुद्धा सुधारणा आहे म्हणाले. आर्याने ते पोचवलं, आणि गाणं वाढलं.

तिसरं अंडं फुटलं नाही. दोन फुटली. वरून रोज वार्तापत्र येई: डोळे उघडले, पिसं फुटली, मोठं धाकट्याला ढकलतंय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी, पिल्लं घरट्याच्या काठावर येऊन बसली. सुट्टीचा दिवस होता. बाराही गॅलऱ्या भरल्या. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी उपमा. शरच्चंद्रांनी मोजलं, एकोणीस माणसं होती, आणि एकोणिसांच्याही माना खाली होत्या. गेल्या वर्षीच्या संक्रांतीपासून ज्या दृश्याची धास्ती घेतली होती ते हेच होतं, उपमा सोडून.

प्रमोदिनीबाई खाली भिंतीलगत चालत होत्या, एक ते सतरा, सतरा ते एक. मांजर सतरा नंबरपाशी भिंतीवर प्रकट झालं तेव्हा त्या चौथ्या नंबरवर होत्या. "मॅडम, बेक्कु," वरून पाच-सहा जणी एकदम म्हणाल्या. कन्नडमधलं हे मांजर एव्हाना आर्यालाही येत होतं. प्रमोदिनीबाई निघाल्या. त्याला धावणं म्हणता आलं नसतं, पण चालणंही म्हणता आलं नसतं. मांजराने बावीस वर्षांच्या प्रशासकीय अनुभवाकडे एकदा पाहिलं आणि उलट्या पावली ते पार्किंगमध्ये गेलं. मागे मोठं पिल्लू उडालं, बारा नंबरवर आपटलं, पुन्हा उडालं आणि तारेवर जाऊन बसलं. धाकटं दुपारपर्यंत विचार करत बसलं, मग तेही गेलं.

सोमवारी सव्वासहाला शरच्चंद्र झारी घेऊन परसात आले तर प्रमोदिनीबाई आधीच तिथे होत्या. घरटं रिकामं होतं, वेळापत्रकाची मुदत संपली होती. त्या चालत होत्या आणि चालता चालता रंजिताच्या कन्नड कवितेच्या पाठांतरात चुका काढत होत्या. रंजिताला कविता येत नव्हती ही गोष्ट वेगळी.

त्याच आठवड्यात देवाप्पाचा फोन आला.

"सायेब, तुमचं ध्यानात ठिवलं होतं. आठ फुटी बकूळ, सतरा, एकसारखी. टेप लावून बघितली मी. ठेवू का?"

शरच्चंद्रांना भरून आलं. त्यांनी फोनवर हात ठेवून ही बातमी परसात सांगितली. आठ फुटी. एकसारखी.

"कशाला?" प्रमोदिनीबाई अकरा नंबरवरून म्हणाल्या.

"आडोशाला."

"त्या पोरींना मग खालचं दिसायचं कसं? दुसऱ्यांदा अंडी घालतात बुलबुल, वाचलंय मी." त्या सतरापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि गॅलरी किती उंचीवर आहे, ते मोजलं होतं का कधी?"

शरच्चंद्रांनी देवाप्पाला थांबायला सांगितलं. त्यांनी रोपं मोजली होती, खड्डे मोजले होते, अंतरं मोजली होती, वहीची नऊ पानं भरली होती. ते आतून टेप घेऊन आले आणि तिचं टोक दगडाला बांधून वर फेकलं. आर्याने ते दुसऱ्या खेपेला झेललं आणि कठड्याखाली, गॅलरीच्या जमिनीला लावून धरलं.

साडेअकरा फूट.

देवाप्पाची झाडं आठ फुटांची होती. परसातली तीन फूट एक इंच.